नेदरलँड्समध्ये काय खावे आणि काय विचारून खावे

परदेश प्रवासातील खाण्यापिण्याविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे या सदरातून सुचवले होते. इंदूरहून आलेल्या पत्रांत नेदरलँड्सविषयीची पत्रे इतकी निघाली की हा अंक त्यांनाच द्यावा लागला. त्याचे कारण उघड आहे. कोणाची मुलगी शिकण्यासाठी डेल्फ्टला, तर कोणाचा मुलगा नोकरीनिमित्त आइंडहोव्हनला गेलेला आहे. शिवाय परीक्षा आटोपल्या की ट्यूलिपच्या बागा पाहायला निघणारी कुटुंबेही आता कमी नाहीत. मी त्या देशात काही काळ राहिले असल्याने उत्तरांत माझ्या आवडीनिवडी डोकावतील, त्या वाचकांनी चालवून घ्याव्यात. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सहल कंपनीबरोबर जात आहोत. दोन्ही वेळा भारतीय जेवण मिळणार आहे. तेथले स्वतःचे असे काही खाण्यासारखे आहे, की तळलेला बटाटा आणि चीज एवढेच? (सुदामा नगर, इंदूर)

दोन्ही जेवणांची सोय झाली असली तरी मधल्या वेळा आपल्या हातात राहतात, आणि डच खाण्यातील कितीतरी चांगल्या वस्तू मधल्या वेळेच्याच आहेत. मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. तेथले पारंपरिक खाणे ऋतू आणि सण पाहून चालते. प्रवासाच्या पुस्तकांत दहा पदार्थांची यादी असते आणि प्रवासी ती हातात घेऊन एप्रिलमध्ये वाटाण्याचे दाट सूप शोधत हिंडतात. ते कोठेतरी मिळतेही, पण ते थंडीसाठी केलेले खाणे असल्यामुळे वसंतात त्याला ना चव लागते, ना करणाऱ्याचे मन त्यात असते.

क्यूकेनहोफची प्रसिद्ध ट्यूलिपची बाग साधारण मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते, म्हणजे आपण अगदी योग्य वेळी पोहोचत आहात. याच दिवसांत पांढरे ॲस्परॅगस बाजारात येते. मातीच्या उंच वरंब्याखाली, ऊन न लागू देता वाढवल्यामुळे ते कोंब पांढरे राहतात, आणि दक्षिणेकडील लिम्बर्ग व ब्राबांट या प्रांतांत त्यांचे फार कौतुक असते. उकडलेले कोंब, वितळलेले लोणी, नवे बटाटे, उकडलेले अंडे आणि हॅम असे ते पान असते. हॅम नको असेल तर तसे सांगता येते. 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, हा हंगाम परंपरेने संपतो, कारण पुढच्या वर्षासाठी झाडाला जोर धरू द्यावा लागतो. भारतीय सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मला हा पदार्थ कधी दिसलेला नाही, आणि वसंतात तेथे जाणाऱ्याने पहिल्यांदा चाखावा असा पदार्थ माझ्या मते हाच आहे.

आपल्या आठवड्यात 27 एप्रिल हा राजाचा वाढदिवस येतो (तो रविवारी आला तर 26 एप्रिलला साजरा होतो). त्या दिवशी रस्तोरस्ती नारिंगी रंग दिसतो आणि टॉम्पूस नावाच्या पेस्ट्रीवरचा नेहमीचा गुलाबी साखरेचा थरही नारिंगी होतो. खुसखुशीत पापुद्र्यांच्या दोन पट्ट्यांमध्ये कस्टर्डचा जाड थर असतो. तो चावताना सर्व बाजूंनी बाहेर येतो आणि हे डच लोकांचेही होते, म्हणून संकोच करू नये.

मुलांसाठी पॉफर्चेस घ्यावेत. गव्हाचे पीठ आणि बकव्हीटचे पीठ, म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारा कुट्टू, यांचे पातळ मिश्रण यीस्टने फुगवून ते आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर ओततात, आणि वर लोणी व पिठीसाखर घालून देतात. त्यांचा मोठा भाऊ म्हणजे पॅनेकूक, ताटभर पसरणारा पॅनकेक. तो सफरचंद घालून घ्यावा आणि वर काळसर पाक ओतावा. सफरचंदाचा उंच केक, अपलटार्ट, जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतो आणि दालचिनी व मनुका घातलेल्या त्या केकबरोबर फेटलेली साय हवी का, असे विचारतात. हो म्हणावे.

आणखी एक सूचना वेळेची. सराफ्यातील खाऊगल्ली रात्री भरात येते, त्या वेळी डच उपाहारगृहांतील चुली विझत आलेल्या असतात. तेथे घरोघरी संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात, दुपारी बहुतेक लोक पावाचे थंड जेवण करतात, आणि लहान गावांत रात्री नवानंतर गरम अन्न मिळवणे अवघड जाते. पुष्कळ ठिकाणी रोख पैसेही घेत नाहीत, त्यामुळे कार्ड जवळ असू द्यावे.

प्रश्न : आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. 'व्हेज' म्हणून दिलेल्या पदार्थात काय निघेल याची धास्ती वाटते. (रामबाग, इंदूर)

धास्तीचे कारण खरे आहे, पण उपायही आहे. तेथे जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजी येते आणि प्रश्न विचारल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. पाकीटबंद वस्तूंच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियम आपल्या उपयोगी पडतो : ॲलर्जी होऊ शकते असे 14 घटक घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात, आणि त्यांत अंडे, दूध, मासे, शेंगदाणे, मोहरी हे सर्व येतात. अंड्याला डच भाषेत 'आय' म्हणतात. ते दोन रोमन अक्षरांत, ई आणि आय असे लिहिलेले असते. इतके ओळखता आले तरी निम्मे काम होते.

अडचण त्या यादीत ठळक न छापल्या जाणाऱ्या वस्तूंची आहे. पहिली म्हणजे तळणीची चरबी. चिप्सच्या बऱ्याच दुकानांत आता वनस्पती तेल वापरतात, परंतु जुन्या पद्धतीची काही दुकाने आजही बैलाच्या चरबीत तळतात आणि त्यालाच चांगल्या चवीची खूण मानतात. बटाटा शाकाहारी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तेल वनस्पतीचे आहे का, आणि त्याच तेलात मांसाचे पदार्थ तळतात का, असे दोन्ही प्रश्न विचारावेत. चिप्सवरच्या मेयॉनीजमध्ये अंडे असते. त्याऐवजी शेंगदाण्याचा गरम सॉस मागता येतो. तो इंडोनेशियातून आलेला आहे आणि इंदुरी जिभेला तो मेयॉनीजपेक्षा लवकर रुचेल.

दुसरी वस्तू रेनेट. दूध विरजण्यासाठी नव्हे, तर घट्ट करण्यासाठी पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले हे द्रव्य घालतात. चीज म्हणजे दूधच, असे समजून आपल्याकडची कितीतरी शाकाहारी मंडळी गौडा या डच चीजचे तुकडे खातात. खावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण माहीत असून ठरवावे. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे चीजही मिळते आणि त्याच्या वेष्टनावर तसा उल्लेख असतो. डच भाषेत रेनेटला 'स्ट्रेम्सेल' म्हणतात, त्याच्या आधी शाकाहारी किंवा सूक्ष्मजीवजन्य अशा अर्थाचा शब्द आहे का ते पाहावे. दुकानदारांना हा प्रश्न नवा नाही.

तो प्रश्न सुटला की मग चीजच्या दुकानात सावकाश वेळ घालवावा, कारण या देशाची खरी पाककला तेथे आहे. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागते. गौडाचे चाक चार आठवड्यांचे असताना मऊ आणि दुधाळ असते. चार महिन्यांत त्याला धार येते. वर्षभर ठेवलेले चीज गडद पिवळे, ठिसूळ होते आणि त्यात करकरीत कण लागतात. दुकानात चाखायला तुकडे देतात, तेव्हा कोवळ्यापासून जुन्याकडे जावे; उलट क्रमाने गेल्यास कोवळे पाणचट वाटते. जिरे घातलेले लायडनचे चीज आपल्या माणसांना हमखास आवडते. फ्रीसलंड प्रांतातील लवंग घातलेले चीज मला स्वतःला औषधी वाटले. आल्कमारला शुक्रवारी सकाळी आणि गौडा गावात गुरुवारी सकाळी, वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, जुन्या पद्धतीचा चीजबाजार भरतो. आल्कमारच्या हमालांचा संघ 1593 पासूनचा आहे आणि पांढरे कपडे व रंगीत टोप्या घातलेले ते हमाल लाकडी पाळण्यासारख्या चौकटीवरून चाके पळवत नेतात. तो आता मुख्यतः पाहुण्यांसाठी असलेला देखावा आहे, तरी पाहण्यासारखा आहे.

तिसरी वस्तू जेलाटीन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले घट्ट करणारे द्रव्य. ते गोळ्यांत, काही पेस्ट्रींत आणि क्रोकेटच्या सारणातही असते. क्रोकेट आणि त्याचा गोल अवतार बिटरबालन हे डच कॅफेतील सर्वांत लोकप्रिय तळण. आत गोमांसाचे किंवा वासराच्या मांसाचे दाट सारण असते. मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. फ्रिकंडेल नावाच्या लांब तळलेल्या सॉसेजमध्येही मिश्र मांस असते. भाजीचे क्रोकेट मिळतात, पण त्यांतही अंडे किंवा जेलाटीन आहे का, हे विचारावे लागते.

मग उरते काय? बरेच काही. ओंटबाइटकूक हा राय पिठाचा, पाक आणि मसाले घातलेला तपकिरी केक बहुधा अंड्याशिवाय आणि लोण्याशिवाय करतात. त्याच्या कापावर लोणी लावून खावा. लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे दाणे, म्हणजे हागलस्लाग, पसरून मोठी माणसेही निःसंकोच न्याहारी करतात. घट्ट ताक, कार्नेमेल्क, कोणत्याही दुकानात मिळते. त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालण्याची मोकळीक आपल्याला आहेच. पॅनेकूक, पॉफर्चेस आणि अपलटार्ट यांच्यात मात्र अंडे गृहीत धरावे आणि ते सोडून द्यावेत.

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणकडचे, मासे खाणारे. रॉटरडॅमला असलेले जावई म्हणतात की कच्चा हेरिंग खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका. कच्चा मासा सुरक्षित असतो का? (तिलक नगर, इंदूर)

जावईबापू योग्य तेच सांगत आहेत, फक्त 'कच्चा' या शब्दाने घाबरवत आहेत. हेरिंग शिजवलेला नसतो हे खरे, पण तो ताजा कापून दिलेला मासाही नसतो. मे ते जुलै या काळात उत्तर समुद्रात हा मासा चांगला पोसला जातो. त्यातील चरबी किमान 16 टक्के झाली तरच तो 'नवा हेरिंग' म्हणून विकता येतो. त्याचे कल्ले आणि आतडी एका छोट्या सुरीने काढतात, मात्र स्वादुपिंड तसेच ठेवतात. त्यातील पाचक रसांमुळे हलक्या मिठात मुरत असताना मांस मऊ होते आणि त्याला चव येते. ही युक्ती झीलंडच्या बीरव्लिट गावातील एका कोळ्याने चौदाव्या शतकात काढली, असे परंपरा सांगते. हिच्यामुळे मासा पिंपांत भरून दूरवर नेता येऊ लागला आणि त्या व्यापारावर डच बंदरे श्रीमंत झाली.

सुरक्षिततेचे म्हणाल तर, माशातील कृमी मरावेत म्हणून तो उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवणे बंधनकारक आहे. म्हणूनच तो वर्षभर मिळतो. तथापि नव्या हंगामाचा मासा जूनच्या मध्याच्या आसपास येतो आणि त्या वेळी पहिल्या पिंपाचा लिलाव होऊन रक्कम धर्मादाय कामाला दिली जाते. हेगजवळच्या स्केव्हेनिंगन बंदरात त्यानिमित्त पताकांचा उत्सव भरतो. आपले जाणे जूनच्या उत्तरार्धात असेल तर त्यासारखा योग नाही. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

खाण्याच्या दोन रीती आहेत. ॲमस्टरडॅममध्ये तुकडे करून, कांदा आणि व्हिनेगरमधल्या काकडीबरोबर देतात. इतरत्र शेपटीला धरून, मान वर करून खातात. छायाचित्र काढायचे असेल तर दुसरी, चव घ्यायची असेल तर पहिली. मासा समोर साफ करून देणारी गाडी निवडावी. आधीच सोलून ठेवलेल्या माशाला उग्र वास येऊ लागतो आणि बहुतेकांचा पहिला अनुभव तेथेच बिघडतो. सुरमई-बांगड्याची सवय असलेल्या माणसाला हेरिंगची स्निग्धता आवडण्याचा संभव मोठा आहे, पण ज्याने कधी मासाच खाल्लेला नाही त्याने त्याची सुरुवात येथून करू नये. त्याच्यासाठी त्याच गाडीवर किबलिंग असते, म्हणजे पिठात घोळून तळलेले कॉडसारख्या पांढऱ्या माशाचे तुकडे. धुरावलेली ईल, म्हणजे वाम, टाळावी, असे मी सुचवेन : युरोपीय ईल ही जात अति संकटग्रस्त ठरलेली आहे.

प्रश्न : मसाल्याच्या व्यापारावर ज्यांनी साम्राज्य उभे केले, त्यांचे जेवण इतके अळणी कसे? (राजेंद्र नगर, इंदूर)

पत्रलेखकांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचा, तिच्या 1602 मधील स्थापनेचा आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा उल्लेख केला आहे, त्यामुळे इतिहास पुन्हा सांगण्याची गरज नाही. एवढेच नमूद करते की जायफळासाठी त्या कंपनीने 1621 मध्ये बांदा बेटांवर केलेला संहार हा त्या व्यापाराचा पाया होता, आणि याविषयी आता नेदरलँड्समध्येही उघडपणे लिहिले-बोलले जाते.

मसाले डच घरांतून गेले नाहीत, ते गोडाकडे सरकले. स्पेक्युलास बिस्किटांत दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा आणि पांढरे मिरे असतात. जायफळ मात्र भाज्यांवरही राहिले. फुलकोबी आणि फरसबी यांवर ते किसून घालण्याची चाल आजही आहे. (लायडनच्या चीजमधील जिऱ्याचा या व्यापाराशी संबंध लावू नये, जिरे युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून होते.) रोजचे जेवण साधे होण्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या गृहविज्ञान शाळांचा हात होता, असे सांगितले जाते. कमी खर्चात, कमी इंधनात पोट भरणारे आणि पौष्टिक अन्न मुलींना शिकवावे, हा त्यांचा हेतू होता. त्यात चवीला दुय्यम जागा मिळाली.

त्या साध्या जेवणाचा मानबिंदू म्हणजे स्टॅम्पपॉट, म्हणजे उकडलेला बटाटा भाजीबरोबर एकाच भांड्यात कुस्करून केलेला पदार्थ. त्यातील गाजर-कांद्याच्या प्रकाराला हुट्सपॉट म्हणतात आणि त्याच्यामागे एक वेढा आहे. स्पॅनिश सैन्याने वेढलेले लायडन शहर 3 ऑक्टोबर 1574 रोजी सुटले. बांध फोडून शेतांत पाणी सोडले गेले, शत्रू पळाला, आणि त्याच्या सोडून दिलेल्या छावणीत एका मुलाला कंदमुळांचे शिजलेले भांडे सापडले, अशी आख्यायिका आहे. त्या काळी बटाटा तेथे रुळलेला नव्हता, तो पुढे त्यात आला. सुटका करणाऱ्या नौकांनी उपाशी नागरिकांसाठी हेरिंग आणि पांढरा पाव आणला होता. आजही 3 ऑक्टोबरला लायडनमध्ये हेरिंग, पाव आणि हुट्सपॉट खातात. ही हकीकत माहीत असली की तो साधा पदार्थ अळणी लागत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. लोणी आणि तिखट मोहरी भरपूर घ्यावी.

प्रश्न : हेगला राहणारी आमची भाची म्हणते की तुम्हाला डच जेवण म्हणून 'रोटी' खाऊ घालीन. ती थट्टा करते आहे का? (नारायण बाग, इंदूर)

मुळीच नाही. कलकत्त्याहून निघालेले 'लालारुख' हे जहाज 5 जून 1873 रोजी दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत पोहोचले. त्यातून आणि 1916 पर्यंत त्यामागून गेलेल्या जहाजांतून सुमारे 34 हजार करारबद्ध मजूर तेथे उतरले. त्यांतील बहुसंख्य आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातील आणि बिहारातील भोजपुरी बोलणारे होते. मळ्यांवरील गुलामी संपल्यावर पडलेली मजुरांची तूट त्यांच्याकडून भरून काढण्यात आली. सुरिनाम 25 नोव्हेंबर 1975 रोजी स्वतंत्र झाले, आणि त्या सुमारास यांच्या वंशजांपैकी मोठा समुदाय नेदरलँड्समध्ये, विशेषतः हेगमध्ये, येऊन राहिला.

त्यांच्या थाळीला आज सारा देश 'रोटी' म्हणूनच ओळखतो. मऊ, मोठी पोळी, कधी आत पिवळ्या डाळीचे कोरडे सारण. बाजूला मसाल्यातला बटाटा, लांब चवळीच्या शेंगांची भाजी, कोंबडी आणि उकडलेले अंडे. कोंबडी व अंडे वगळून थाळी सहज मिळते. उडदाच्या डाळीचा बारा हा वडाही घ्यावा, चटणीसह. त्यांच्या तिखट मिरचीला 'मॅडम जनेट' म्हणतात आणि ती खरोखर तिखट आहे, इंदूरच्या माणसानेही आधी थोडी चाखून पाहावी. हेगमधील पॉल क्रूगरलान या रस्त्यावर त्यांची दुकाने आहेत. तेथे साड्या, पूजेचे साहित्य आणि मिठाई एकाच रांगेत दिसते आणि दुकानदार आपापसांत सरनामी बोलतात, जी हिंदी जाणणाऱ्याला बरीच कळते.

इंडोनेशियाचे तसेच. भाताभोवती वाट्या मांडलेली 'राइस्टटाफल' ही वसाहतकाळात जावामध्ये डच लोकांनी मांडलेली मेजवानी, आणि ती आता डच शहरांत उत्तम मिळते. शाकाहाऱ्यांनी तेथे मात्र जपावे : गाडो-गाडो नावाचे भाज्यांचे पान निरुपद्रवी दिसते, पण त्याबरोबर अंडे व कोळंबीचे पापड येतात आणि लाल चटणीत सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असू शकतो.

प्रश्न : मुलीचे बाळंतपण नोव्हेंबरात आइंडहोव्हनला आहे. थंडीत तेथे काय मिळते, आणि इकडून काय नेता येईल? (लोकमान्य नगर, इंदूर)

आधी नेण्याविषयी, कारण विमानतळावर निराशा होऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, श्रीखंड ठेवून द्यावे. ताज्या कढीपत्त्यासारख्या वनस्पतींनाही प्रमाणपत्र लागते. डिंक, अळीव, खारीक, सुंठ कोरडे आणि बंद पाकिटात न्यावे आणि लाडू तेथे वळावेत. तेथले बिनमिठाचे लोणी फार चांगले असते, ते कढवून उत्तम तूप निघते.

बाळ जन्मल्यावर आपल्याला एक सुखद गोष्ट दिसेल. भेटायला येणाऱ्यांना लोणी लावलेल्या गोल टोस्टवर साखरेच्या आवरणातल्या बडीशेपेच्या जातीच्या दाण्यांची पखरण करून देतात. दाण्यांना माउशेस म्हणतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. राजघराण्यात 1938 मध्ये बेआट्रिक्स आणि 2003 मध्ये अमालिया यांचा जन्म झाला तेव्हा ते नारिंगी निघाले होते. या दाण्यांनी बाळंतिणीला दूध येते, अशी तेथल्या जुन्या लोकांची समजूत, आणि आपल्याकडे बाळंतशेपा देतात त्यामागचीही समजूत तीच. बाळंतपणानंतरचा साधारण आठवडाभर घरी मदतीला एक प्रशिक्षित परिचारिका येते. हा टोस्ट बहुधा तीच करून दाखवील. टोस्टमध्ये अंडे असू शकते, पाकीट वाचावे.

नोव्हेंबर हा वाटाण्याच्या सुपाचा, स्नेर्टचा, हंगाम. त्यात चमचा उभा राहावा, अशी अपेक्षा असते. मूळ पदार्थात डुकराचे मांस असते, परंतु बिनमांसाचा प्रकार घरी करणे अगदी सोपे आहे : वाटाण्याची डाळ, सेलरीचा गड्डा, लीक, गाजर. केल नावाच्या कुरळ्या पानांचा स्टॅम्पपॉटही याच दिवसांत करावा. दहिवर पडून गारठल्यावर ती पाने गोड होतात, असे शेतकरी सांगतात. उपाहारगृहात घेतल्यास मध्ये खळगा करून मांसाचा रस्सा ओततात, तो नको म्हणून आधीच सांगावे. 5 डिसेंबरला, सिंटरक्लास (सेंट निकोलस) या संताच्या सणाच्या संध्याकाळी, मुलांना मसाल्याची छोटी बिस्किटे आणि नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट देतात, तर वर्षअखेरीस रस्त्यांवर ओलीबॉलन तळले जातात. बेदाणे घातलेले, पिठीसाखरेत घोळलेले हे गोळे गरमच खावेत. थंड झाले की तेलकट लागतात.

प्रश्न : रक्तदाब असलेल्यांनी काय टाळावे? आणि घरी आणण्याजोगे काय? (दोन-तीन पत्रांचा एकत्रित प्रश्न)

ड्रॉप टाळावा. या काळ्या गोळ्या ज्येष्ठमधाच्या अर्काच्या असतात, आणि खारट प्रकारात नवसागर घातलेला असतो. कल्हईवाल्याच्या भट्टीजवळ ज्यांनी बालपणी वेळ घालवला असेल त्यांना तो ओळखीचा वाटेल. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे असल्यास उच्च रक्तदाब असलेल्यांनी अतिसेवन टाळावे, अशी सूचना वेष्टनावर छापणे युरोपात बंधनकारक आहे. एखादी गोळी चाखण्याने काही होत नाही. पाकीट बसमध्ये उघडले की ते संपते, ही खरी अडचण. अनेक प्रकारांत जेलाटीनही असते. जुने चीज आणि हेरिंग यांतही मीठ बरेच असते, याची नोंद घ्यावी.

आणण्यासाठी स्ट्रोपवाफल घ्यावीत. दोन पातळ वाफलांमध्ये पाकाचा थर असलेला हा गौडा गावचा पदार्थ. पाकीटबंद वाफल चहाच्या गरम कपावर झाकणासारखे काही वेळ ठेवले की आतला पाक सैल होतो. फार वेळ ठेवल्यास ते कपात पडते. बाजारात समोर भाजून मिळणारे वेगळेच लागते, ते तेथेच खाऊन घ्यावे. ॲमस्टरडॅमच्या आल्बर्ट काउप बाजारात ते मिळते, मात्र तो बाजार रविवारी बंद असतो. काही कंपन्यांच्या वाफलांत अंडे असते, काहींच्या नसते. रामबागेच्या वाचकांनी त्या दोन रोमन अक्षरांसाठी वेष्टन पाहून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी एकाचे चार वाटे करावेत.